घोषणा राहिली, काटा कुठे आहे?



१९६० चे दशक युद्धांचे आणि दुष्काळाचे. १९६६ साली देशाला एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. त्या दशकातले पुढारी म्हटले की लालबहादूर शास्त्रींचे ‘जय जवान, जय किसान’ सर्वांना आठवते. त्यांचे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम मात्र कोणाच्या तोंडी नाहीत.

धान्य हवे असेल तर शेतकऱ्याला परवडेल असा भाव द्या, हे त्यांनी मंत्रिमंडळात मांडले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींचा विरोध होता. शास्त्री सुब्रमण्यम यांच्या पाठीशी राहिले. जानेवारी १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आणि अन्न महामंडळ स्थापन झाले. एकाने भाव सुचवायचा, दुसऱ्याने काटा लावून माल घ्यायचा. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. पंजाबात बियाणे, पाणी आणि गिऱ्हाईक एकत्र आले.

कोरडवाहूला काय मिळाले? ज्वारीचे सीएसएच-१ हे संकरित वाण तर १९६४ मध्येच आले होते. उतारा वाढला, पण गव्हासारखी खरेदी ज्वारीसाठी उभी राहिली नाही. खरेदीवाचून हमीभाव म्हणजे कागदावरचा आकडा.

म्हणून आम्ही सांगतो, पुढारी घोषणेवरून जोखू नका, काट्यावरून जोखा. मते मागायला येईल त्याला एवढेच विचारा: आमच्या तालुक्यात कापूस-ज्वारीचा काटा कोणत्या तारखेला लागणार, आणि चुकारा किती दिवसांत मिळणार? तारीख सांगता आली नाही, तर त्याच्या गळ्यात हार घालू नका.