परवाना रखडला, की भांडवल?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २३ मे २०२५ रोजी एका आदेशावर सही केली. नव्या अणुभट्टीच्या परवान्याचा अर्ज आल्यावर त्या देशाच्या अणुनियामक आयोगाने अठरा महिन्यांच्या आत अंतिम निर्णय दिलाच पाहिजे, हे त्या आदेशाचे एक प्रमुख कलम. अणुवीज महाग का पडते आणि केंद्रे वेळेवर उभी का राहात नाहीत, या प्रश्नाला तेथील वीजकंपन्या गेली पन्नास वर्षे एकच उत्तर देत आल्या : सरकारी तपासनीस कागद अडवून बसतात. ते उत्तर आता राजमान्य झाले आहे. आपल्याकडेही तोच सूर लागू पाहात असल्याने त्यात तथ्य किती हे पाहणे अगत्याचे ठरते.

तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. १९७९ च्या मार्चमध्ये थ्री माइल आयलंड येथे अपघात झाला आणि त्यानंतर सुरक्षेचे नियम भराभर बदलले. अर्धवट बांधलेल्या केंद्रांत केलेले काम उखडून पुन्हा करावे लागले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील शोरहॅमचे केंद्र तर बांधून पुरे झाले, १९८९ च्या एप्रिलमध्ये त्याला पूर्ण परवानाही मिळाला. परंतु व्यापारी वीज त्याने कधीच दिली नाही. अपघात झाला तर अरुंद बेटावरील लोकवस्ती बाहेर काढणार कशी, या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते. पाच अब्ज डॉलरांहून अधिक खर्चाचे ते केंद्र एका डॉलरला राज्याच्या संस्थेकडे गेले आणि कर्जाचा मोठा भार ग्राहकांच्या बिलात वर्षानुवर्षे राहिला. हा प्रश्न जागा निवडतानाच विचारला गेला असता तर? ‘विलंब’ म्हणून ज्याची गणना होते, तो पुष्कळदा आधी न विचारलेला प्रश्न उशिरा विचारण्याचा काळ असतो.

आता या विलंबाच्या अर्थकारणाकडे वळू. अणुवीज केंद्राचा बहुतेक खर्च पहिला युनिट विकला जाण्यापूर्वीच होऊन जातो. दहा टक्के चक्रवाढ दराने घेतलेले कर्ज सव्वासात वर्षांत दुप्पट होते, मग केंद्र चालू असो वा नसो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत विजेच्या मागणीची वाढ मंदावली. १९८०-८१ मध्ये बँकांचा मूळ व्याजदर वीस टक्क्यांवर गेला. शंभराहून अधिक अणुभट्ट्यांच्या मागण्या रद्द झाल्या त्या मुख्यतः या कारणांनी. अनेक ठिकाणी कंपन्यांनीच, पैसा नाही आणि गिऱ्हाईकही नाही म्हणून, काम सावकाश चालविले. हिशेबाच्या वहीत मात्र ती सारी वर्षे नियामकाच्या खाती टाकली गेली!

कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅन्यनची हकिकत या संदर्भात मुळातून पाहण्यासारखी आहे. तेथील पहिल्या अणुभट्टीच्या बांधकामाला १९६८ मध्ये परवानगी मिळाली. पुढे किनाऱ्यापासून अवघ्या पाचएक किलोमीटरवर समुद्रतळाशी होस्ग्री नावाचा भूभ्रंश असल्याचे उजेडात आले. तो शोधला होता तेल हुडकणाऱ्या भूशास्त्रज्ञांनी. केंद्र बांधणाऱ्या कंपनीने नव्हे. मग भूकंपाचे गणित नव्याने मांडणे आले, आधार बळकट करणे आले, वर्षे गेली. अखेर सप्टेंबर १९८१ मध्ये, शेकडो निदर्शकांना अटक होत असतानाच, इंधन भरण्याचा परवाना निघाला. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीच्याच एका इंजिनियरच्या ध्यानात आले की भूकंपरोधक आधारांचे नकाशे उलटसुलट झाले आहेत. दोन अणुभट्ट्या परस्परांच्या आरशातील प्रतिबिंबासारख्या रचलेल्या, आणि एकीसाठी दुसरीचा नकाशा वापरला गेलेला! नोव्हेंबरात परवाना स्थगित झाला. फेरतपासणीत आणखी दोष निघाले आणि केंद्राची व्यापारी वीज १९८५ साली आली. इतक्या वर्षांच्या तथाकथित छळवादी तपासणीतूनही ही चूक निसटली होती. म्हणजे तपासणी लांबली ही तक्रार करण्याऐवजी ती उथळ झाली, अशी तक्रार करावयास हवी होती.

कंपन्यांचे गाऱ्हाणे ऐकून पुढे नियमही बदलले. पूर्वी बांधणीचा आणि चालविण्याचा असे दोन परवाने लागत. १९८९ च्या नियमांनी व १९९२ च्या कायद्याने दोन्हींचा एकत्रित परवाना देण्याची सोय झाली. जॉर्जिया राज्यातील व्होग्टल येथे या सोयीची परीक्षा झाली. २००८ साली केलेल्या अर्जावर फेब्रुवारी २०१२ मध्ये परवाना मिळाला. दोन्ही अणुभट्ट्या २०१६-१७ पर्यंत चालू व्हावयाच्या होत्या. त्या चालू झाल्या जुलै २०२३ आणि एप्रिल २०२४ मध्ये. चौदा अब्ज डॉलरांचा अंदाज तीस अब्जांपलीकडे गेला. परवाना हाती असताना हे घडले. आराखड्याचा तपशील पुरा होण्याआधीच काम सुरू केलेले, कारखान्यात बनविलेले सुटे भाग उशिरा व सदोष आलेले, आणि २०१७ च्या मार्चमध्ये भट्टीची रचना करणारी वेस्टिंगहाऊस कंपनीच दिवाळखोरीत. शेजारच्या दक्षिण कॅरोलिनात अशाच दोन अणुभट्ट्या सुमारे नऊ अब्ज डॉलर ओतून २०१७ मध्ये सोडून दिल्या गेल्या. प्रकल्पाची खरी स्थिती लपविल्याबद्दल कंपनीच्या प्रमुखाला २०२१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली.

या दोन्ही राज्यांत वीज येण्यापूर्वीच ग्राहकाच्या बिलात अणुकेंद्राच्या खर्चाची वसुली करण्यास कायद्याने मुभा दिली होती. विलंबाची किंमत दुसराच कोणी भरणार असेल, तर घाई करण्याचे किंवा नकाशे नीट पुरे करण्याचे कारण कंपनीला उरते कोठे?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे नाव जैतापूर आहे. तेथे पर्यावरण मंजुरी रखडली नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात येण्याच्या आठवडाभर आधी, ती अटींसह घाईने देण्यात आली. माडबन-मिठगवाणे परिसरातील जमिनी त्याआधीच संपादित झाल्या होत्या. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक प्राणास मुकला. एवढे होऊनही ९,९०० मेगावॉटच्या त्या प्रकल्पाची एकही भट्टी उभी राहिलेली नाही, कारण विजेचा दर काय पडणार आणि अपघाताची जबाबदारी कोणावर, यावर सौदा जमला नाही. त्याच जातीची भट्टी फ्रान्सने फ्लामांव्हिल येथे २००७ मध्ये बांधावयास घेतली. साडेचार वर्षे कमी-अधिक धरली तरी ती २०१२ च्या सुमारास व्हावयाची. वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या चौपट. तेथे पोलादातील व जोडकामातील दोष नडले. परवाना केव्हाच मिळालेला होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा ‘शांती’ कायदा मंजूर केला. खाजगी कंपन्यांना दार उघडले, आणि १९८३ पासून केवळ सरकारी आदेशावर उभ्या असलेल्या नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. ही दुसरी गोष्ट स्वागतार्ह. परंतु सदोष यंत्रसामग्री पुरविणाऱ्याकडे भरपाई मागण्याची २०१० च्या कायद्यातील तरतूद याच वेळी गळून पडली. आता मुदतीची भाषा सुरू होईल. ती होऊ द्यावी. मात्र मुदतीची पहिली तारीख कोणती धरावयाची, हे कार्यकर्त्यांनी आधी विचारावे. अर्धे नकाशे दाखल केल्याची, की सारे नकाशे, भूगर्भाचा अहवाल आणि लोकवस्ती हलविण्याची योजना प्रत्यक्ष हाती आल्याची? आणि दिलेल्या तारखेला वीज आली नाही तर मधल्या वर्षांचे व्याज कोणाच्या खात्यावर पडणार, हेही वीजदराच्या करारात लिहून मागावे.