छत्तीस गोलांचा शनिवार
स्कॉटिश कप या फुटबॉल स्पर्धेच्या १८८५-८६ च्या हंगामात माझा जीव अडकतो तो पहिल्याच फेरीत. १२ सप्टेंबर १८८५, समुद्राला खेटलेलं आर्ब्रोथचं गेफील्ड मैदान, वरून पाऊस. ॲबर्डीनहून आलेल्या बॉन ॲकॉर्ड संघावर आर्ब्रोथचे ३६ गोल चढले, मध्यंतरालाच १५! जॉन पेट्री या कोवळ्या पोराने एकट्याने १३ मारले. गोलखांबांना तेव्हा जाळी नसे. दर गोलनंतर कुणीतरी चेंडूमागे धावायचं. त्याच दिवशी डंडी हार्पनेही ॲबर्डीन रोव्हर्सला ३५-० असं धुतलं. चषक अखेर क्वीन्स पार्कने रेंटनला ३-१ हरवून नेला. मला मात्र बॉन ॲकॉर्डची ती ओलीचिंब पोरं दिसतात. पस्तिसावा गोल खाऊनही पुन्हा मध्यरेषेवर चेंडू ठेवणारी.