गणरायाचा मांडव आणि राजकारण

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला मंगलमूर्तीची प्रतिष्ठापना झाली की गावोगावच्या मांडवांतून आरतीचा घोष उठतो, आणि रात्री त्याच मांडवांत कीर्तन, पोवाडा, नाटक, देखावा यांची रेलचेल सुरू होते. अनंत चतुर्दशीपर्यंतचे हे दिवस म्हणजे महाराष्ट्राचा सर्वांत मोठा कलामहोत्सवच होय. याच दिवसांत अनेक श्रद्धावान घरांतून एक प्रश्न विचारला जातो : देवाच्या मांडवात राजकारण हवे कशाला? प्रश्न कळकळीचा आहे. म्हणून त्याचे उत्तर देताना हातचे काही राखून चालणार नाही.

या प्रश्नाशी विंचूरचे नाते जुने आहे. निफाड तालुक्यातील या गावावरून ज्यांना विंचूरकर हे नाव पडले, त्या पेशवाईतील सरदार घराण्याचा वाडा पुण्यास सदाशिव पेठेत आहे. लोकमान्य टिळक त्या वाड्यात राहत असत आणि १८९४ साली त्यांनी सार्वजनिक गणपती बसविला तो तेथेच. या उत्सवाचे आद्यत्व भाऊसाहेब रंगारी यांच्याकडे जाते की लोकमान्यांकडे, हा वाद पुण्यात अद्याप मिटलेला नाही. परंतु लोकमान्यांनी त्याला जी दिशा दिली तिच्याविषयी मतभेद नाही. सभेला मोजकी माणसे येत, दर्शनाला सारा गाव लोटे. परक्या सत्तेखाली दबलेल्या समाजाने एकत्र यावे, बोलावे, विचार करावा, यासाठी देव्हाऱ्यातील गणराय चौकात आणले गेले. अर्थात ज्या उत्सवाचा जन्मच लोकजागृतीसाठी झाला, त्यात राजकारण नव्हते असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही.

नाशिकने तर हा वारसा प्राणपणाने जपला. सावरकर बंधू व त्यांचे सहकारी यांनी येथे स्थापन केलेल्या संघटनेचे नावच ‘मित्रमेळा’ होते. गणेशोत्सवातील मेळ्यांतून कवी गोविंदांची पदे गायिली जात आणि ती ऐकून तरुणांची मने पेटत. देशभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच सुमारास कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे महाभारतातील कथेवरचे नाटक रंगभूमीवर गाजत होते. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही तो दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुराणकथा सांगणारी कलाही आपल्या काळाविषयी बोलू शकते हे राज्यकर्त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. पुढील वर्षीच्या काही मेळ्यांच्या पदांतून, मोहरमच्या ताबुतांत हिंदूंनी सामील होऊ नये, असे बजावले गेले. तोवर ताबुतांना हिंदूंचाही हातभार लागत असे. एका समाजाला जागे करणारी कला शेजाऱ्यांत दुरावा आणू शकते, हे तेव्हापासून दिसत आले आहे. पुढे १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानल्या गेलेल्या हिंदूंनाही पूजेचा अधिकार मिळावा यावरून मोठा झगडा झाला, आणि त्यानंतर प्रबोधनकार ठाकरे यांनी तेथे सर्वांसाठी सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. ‘सार्वजनिक’ या शब्दात सर्व जन येतात की नाही, हा प्रश्न मांडवातच उभा राहिला व मांडवातच लढला गेला. त्याला राजकारण म्हणून बाजूस सारले असते तर उत्सवाचाच तोटा झाला असता.

येथे आम्हांस एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. लोकांचे सुखदुःख सत्तेच्या कानी घालणारे राजकारण वेगळे, आणि सत्तेची जाहिरात लोकांच्या डोळ्यांपुढे टांगणारे राजकारण वेगळे. ब्रिटिश अमदानीत मांडव लोकवर्गणीवर उभा राहत असे आणि सरकार त्याच्याकडे संशयाने पाहत असे. आज परिस्थिती पार पालटली आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. हा गौरव आनंदाचाच आहे. परंतु ज्या उत्सवाने सरकारला प्रश्न विचारले, त्याचे यजमानपद सरकारकडे आल्यावर प्रश्न विचारण्याची सवय टिकेल काय, याचा विचार भक्तांनी करावयास हवा. ठिकठिकाणी मांडवाच्या कमानीवर गणरायापेक्षा नेत्यांची छायाचित्रे मोठी दिसतात. निवडणूक जवळ आली की देणग्यांचा ओघ वाढतो. ज्याने मांडवाचा खर्च उचलला, त्याला न रुचणारे नाटुकले त्या रंगमंचावर कोण करणार?

विंचूरसारख्या गावात हा प्रश्न कांद्याइतका प्रत्यक्ष आहे. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार येथे भरतो आणि परिसरातील असंख्य घरांचा वर्षाचा संसार कांद्याच्या भावावर चालतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसविले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती बंदी मे २०२४ मध्ये उठविली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून काढले. शहरातील गृहिणीला कांदा परवडावा ही चिंताही खरीच आहे. पण या घडामोडींवर गावच्या मुलांनी देखावा उभारला किंवा एखादे पथनाट्य केले, तर त्यांना ‘राजकारण करू नका’ असे सांगावयाचे काय? आमच्या मते मुळीच नाही. शेतकऱ्याच्या घरातील चूल गणरायाला परकी नाही. उलट कांद्याविषयी चकार शब्द न काढता मांडवाचा दर्शनी भाग एखाद्या उमेदवाराच्या नावाने झळकत असेल, तर खरे राजकारण तेथे आहे.

मांडवात वाद नको, मनःशांती हवी, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. आरतीच्या वेळी आरतीच व्हावी, पूजेच्या ठिकाणी घोषणा नसाव्यात. परंतु रात्रीचा रंगमंच हे गावाचे बोलण्याचे ठिकाण आहे. तेथे बोलायचेच नाही असे ठरले, तर ती शांती मुकेपणाची ठरेल. कायद्यानेही मर्यादा आखून दिली आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. उमेदवाराच्या प्रचारासाठी देवाचा आधार घेणे कायद्यालाही मान्य नाही आणि भक्तीलाही शोभत नाही.

तेव्हा मंडळांनी काही साधे नियम पाळावेत, असे आमचे सुचविणे आहे. वर्गणीसाठी धर्मादाय विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि हिशेबही द्यावा लागतो. तोच जमाखर्च विसर्जनापूर्वी मांडवातील फळ्यावर लावावा, म्हणजे कोणाचा पैसा किती हे गावास कळेल. कोणत्याही पक्षाची खूण किंवा नेत्याचे छायाचित्र कमानीवर नसावे. मात्र नाटक, पोवाडा, देखावा यांचा विषय कलावंतांनीच ठरवावा आणि त्यातून शेजाऱ्याच्या धर्माची वा जातीची निंदा होणार नाही याची जबाबदारीही त्यांनीच घ्यावी. सत्तेवर टीका झाली म्हणून कोणी रंगमंचाचा पडदा पाडू नये.

गणपती हा विद्येचा अधिपती आहे. चांगले काय व वाईट काय हे ओळखण्याची बुद्धी हीच त्याची खरी देणगी. लोकांच्या प्रश्नाला वाव देणारा आणि प्रचाराला दूर ठेवणारा मांडव उभारण्याची सुबुद्धी तो विघ्नहर्ता आपणां सर्वांस देवो, एवढीच प्रार्थना!