खंदकातला शिपाई आणि त्याचं नाव

खंदक हा शब्द आम्हा सिव्हिलवाल्यांच्या कानाला अगदी घरचा. पाइपलाइनचा खंदक, पायाचा खंदक. दीड मीटरच्या खाली गेलात तर बाजूंना आधार द्या, काठाला माती रचू नका, पाणी उपसायची सोय ठेवा. व्हायवाला विचारतात म्हणून आपण हे पाठ करतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पण पहिल्या महायुद्धात माणसं अशा चरात महिनोन्‌महिने राहिली. तिथेच जेवली, तिथेच झोपली, आणि पुष्कळदा तिथेच पुरली गेली.

लढाईचा खंदक सरळ रेषेत खणत नाहीत, नागमोडी खणतात. कारण सोपं आहे. एका टोकाला शत्रू घुसला तर त्याला सगळी रांग गोळीच्या टप्प्यात मिळू नये आणि एक गोळा आत पडला तर त्याच्या ठिकऱ्या पुढच्या वळणाला अडाव्यात. म्हणजे डिझाइन करतानाच धरलेलं असायचं की एका वळणातली माणसं जाणार. फ्रान्स-बेल्जियमच्या सपाट प्रदेशात तर दोन फूट खणलं की पाणी लागायचं, म्हणून वाळूच्या पोत्यांच्या भिंती वर रचाव्या लागत. हिवाळ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून पाय सडत. आपल्या मेसमध्ये गरम पाणी आलं नाही तर आपण रेक्टरकडे मोर्चा नेतो... असो.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौज मार्सेच्या बंदरात उतरली, तीही बरीचशी उन्हाळी सुती कपड्यांत. त्यात आपल्या पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्स होते. सॅपर्स म्हणजे फौजेतले इंजिनिअर: पूल बांधणारे, सुरुंग लावणारे, खंदक खणणारे. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल या गावावर हल्ला करायला माणसं कमी पडली, तेव्हा ४७ व्या शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना पायदळ म्हणून पुढे काढलं. ते गावात शिरले, घराघरांतून लढले. मदत आली नाही आणि माघार घ्यावी लागली. त्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी त्या दिवशी मेले किंवा जखमी झाले. तरबेज कारागीर माणसं एका दुपारी अशी खर्ची पडली. त्याच हिवाळ्यात सॅपर्स जॅमच्या रिकाम्या डब्यांत दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून हातबॉम्ब बनवत होते, कारण कारखान्यातले बॉम्ब पुरेसे येत नव्हते. आपण ज्याला जुगाड म्हणतो तो त्यांनी गोळीबारात बसून केला.

हे शिपाई घरी काय लिहीत होते? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, आणि पुढे पाठवण्याआधी ते सेन्सॉर वाचायचा. म्हणून मग काही जण 'काळी मिरी' आणि 'लाल मिरची' अशी भाषा वापरत. काळी म्हणजे हिंदी सैन्य, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, असं कळवलं की घरचे समजायचे. सेन्सॉरही समजायचा म्हणा! त्यानेच केलेली ही भाषांतरं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

पण मराठी माणसाचा खरा खंदक फ्रान्सात नव्हता. तो होता मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला साडेचार हजारांवर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. उरलेली फौज मागे फिरली आणि तैग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूट गावात अडकली. तीन बाजूंना नदी. चौथ्या बाजूला आपल्या माणसांनी खंदक खणले, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा सुरू झाला. २४ डिसेंबरला तुर्कांनी कोपऱ्यावरच्या मातीच्या किल्ल्याची भिंत तोफांनी पाडून आत घुसायचा प्रयत्न केला. किल्ल्यात १०३ मराठा होती. भगदाडापाशी हातघाई झाली, आणि किल्ला पडला नाही.

ही झाली शौर्याची एक रात्र. त्यावर पोवाडा होऊ शकतो. मला जास्त मोठे वाटतात ते पुढचे चार महिने, ज्यांच्यावर पोवाडा होत नाही. पुराचं पाणी खंदकांत शिरलं. धान्य संपत आलं. घोडे, खेचरं कापायला लागली. हिंदी शिपायांपैकी कित्येकांनी ते मांस खायला नकार दिला. धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवावे लागले. शेवटी शेवटी माणशी दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर पीठ मिळत होतं. हिरड्या सुजल्या, लोक स्कर्व्हीने पडू लागले. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली, अगदी जात्याचे दगडसुद्धा टाकले. वेढा पडलेल्या फौजेला विमानातून रसद द्यायचा हा जगातला अगदी सुरुवातीचा प्रयत्न होता. तो पुरला नाही. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मारली गेली किंवा जखमी झाली, तीही पुन्हा चिखलातल्या खंदकांवर चालून जाताना. २९ एप्रिल १९१६ ला कूट शरण गेलं.

सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. जनरल टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपाई वाळवंटातून चालवत नेले. वाटेत भुकेने, हगवणीने पटापट मेले. जे पोचले त्यांतल्या अनेक हिंदी शिपायांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपलं. सेनापतीचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे.

होस्टेलच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "अरे, पण ते तर इंग्रजांसाठी लढले ना? मग कसलं बलिदान?" प्रश्न चुकीचा नाही. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता, आणि पगार हेच भरतीचं मोठं कारण होतं. दुष्काळी मुलखातल्या कुटुंबाला ती रक्कम लहान नव्हती. साम्राज्य त्यांचं नव्हतं हेही खरंच. इतकंच काय, याच सरकारने आधी महारांची भरती बंद केली होती, १९१७ मध्ये माणसं कमी पडल्यावर १११ महार ही पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. सरकार कामापुरतं मामा होतं. पण म्हणून भगदाडापाशी उभ्या राहिलेल्या माणसाचं धैर्य उधारीचं होत नाही. तो उभा राहिला तो बाजूच्या गाववाल्यासाठी, पलटणीच्या इभ्रतीसाठी. राजासाठी किती, ते तोच जाणे. आपल्यातले निम्मे लोक परक्या कंपनीच्या पॅकेजसाठी कॅम्पसला रांग लावतात, त्यांनी तरी हा आक्षेप जरा हळू आवाजात घ्यावा असं मला वाटतं.

माझी तक्रार वेगळी आहे. नव शापेलला १९२७ मध्ये हिंदी सैनिकांचं स्मारक झालं, त्यावर सुमारे ४,७०० नावं कोरलेली आहेत. ते युरोपात होतं, लोक बघायला येणार होते. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा आहे. अमुक पलटण, आणखी इतके. सही करता न येणाऱ्या माणसाचं नाव दगडावर कशाला, असा हिशेब असावा. २०२१ मध्ये ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला. आशिया-आफ्रिकेतल्या किमान १ लाख १६ हजार मृतांची नावं स्मारकांवर आलीच नाहीत, असं त्यात म्हटलं आहे. ब्रिटिश सरकारने संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली.

पण आपण काय वेगळं केलं? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले. आज ते 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जातं, तिथे स्मारक आहे, लोकांना अभिमान आहे. बाकी देशावर आणि कोकणात कितीतरी गावांत चावडीपाशी किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानसा दगड असतो: या गावातून इतके गेले, इतके मेले. तिथेही आकडाच. त्यावर कोणी निवडणुकीचं पोस्टर चिकटवतं, कोणी सायकल टेकवतं. त्या आकड्यातला एक कोणाचा तरी खापरपणजोबा आहे, आणि तो कोण हे सांगणारी शेवटची म्हातारी माणसं आता चालली आहेत.

आपल्या होस्टेलला सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं काही कमी नाहीत. दिवाळीला घरी जाल तेव्हा असा दगड गावात आहे का बघा, फोटो काढा, आणि आजीला किंवा गुरवकाकांना नावं विचारा. कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीवरून शोधता येतं, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गावही सापडतं. एक साधा डेटाबेस करणं आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना दोन रात्रींचं काम आहे, सबमिशनच्या रात्री सोडून. पुढच्या अंकात त्या नावांसाठी दोन पानं ठेवायला संपादक मंडळाची हरकत नसावी. जाहिरातींची पानं थोडी कमी करा हवी तर.