जेवणाच्या टेबलावर तपासलेली गुणवत्ता

राखीव जागांचा विषय निघाला की गुणवत्तेचा जप सुरू होतो. हा जप करणाऱ्यांना आम्ही डेव्हिड ब्लॅकवेल यांची हकीकत ऐकवू इच्छितो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९१९ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या ब्लॅकवेल यांनी वयाच्या २२ व्या वर्षी गणितात डॉक्टरेट मिळवली. १९४२ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांच्या नेमणुकीचा विचार झाला आणि नोकरी नाकारली गेली. खरे कारण त्यांना फार उशिरा कळले. विभागप्रमुखांच्या घरी सहकाऱ्यांना जेवायला बोलावण्याची रीत होती आणि काळा माणूस आपल्या घरात जेवणार नाही, असे त्यांच्या पत्नीने बजावले होते. गणित तपासले गेले ते जेवणाच्या टेबलावर!

ब्लॅकवेल यांनी मग गोऱ्यांच्या विद्यापीठांची पायरी चढली नाही. कृष्णवर्णीयांच्या शंभराहून अधिक कॉलेजांना त्यांनी पत्रे लिहिली, तीन ठिकाणांहून होकार आला. १९४४ पासून दहा वर्षे ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात होते. शिकवण्याचा भार सांभाळून याच काळात ते गेम थिअरीकडे वळले. प्रतिस्पर्धी काय करील हे ठाऊक नसताना आपण कोणता डाव टाकावा, याचे हे गणित. दोघे पिस्तूल रोखून एकमेकांकडे चालत येत आहेत, प्रत्येकाकडे एकच गोळी आहे, तर ती केव्हा झाडावी? पिस्तुलाचा आवाजच होत नसेल तर? अशा प्रश्नांवर त्यांनी काम केले. गिर्शिक यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. कोणती माहिती कोणत्या माहितीपेक्षा अधिक उपयोगी, हे ठरवणारे त्यांचे प्रमेय आजही अर्थशास्त्रात शिकवले जाते.

त्याच १९५४ साली बर्कलेने त्यांना बोलावले. १९५७ मध्ये ते तेथे संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य. मधल्या बारा वर्षांत त्यांची विद्वत्ता वाढली, हे खरेच. पण १९४२ मध्ये ती कमी पडली म्हणून दार बंद झाले नव्हते.

आमच्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेले बाबासाहेब १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठीच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनीच घेतली होती. तेथे टेबल, येथे भांडे.

आज कोणी टेबलाचे नाव घेत नाही. मुलाखत होते आणि राखीव प्राध्यापकपदासमोर 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा पडतो. आमचे म्हणणे एवढेच, की असा शेरा मारणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने नाकारलेल्या उमेदवारांच्या पदव्या, त्यांचे संशोधन, मुलाखतीतील गुण आणि नकाराचे कारण जाहीर करावे. निवड समितीत कोण बसले होते, तेही.