ऐंशी जागांचे औदार्य

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे चार मराठी कुटुंबे आहेत तेथे तेथे गणेशोत्सव आहे. आणि जेथे गणेशोत्सव आहे तेथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा ठरलेलाच. यंदा आमच्या मंडळातील या समारंभात प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जे भाषण केले, त्याचा सूर इतका ओळखीचा होता आणि त्यावर पडलेल्या टाळ्या इतक्या एकमुखी होत्या, की त्याला उत्तर देणे मला प्राप्त वाटले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सरकारी शाळा सर्वांसाठी चालविण्याच्या हट्टापायी आपण बुद्धिमत्तेचा बळी दिला आहे, यावर उपाय एकच, तो म्हणजे निवडक मुलांच्या निवडक शाळा. नवोदय विद्यालयांनी हे सिद्ध करून दाखविले आहे. एकीच्या जागी दहा नवोदये काढा, प्रज्ञा हुडकून काढा; बाकीचे आपोआप मागे येतील.

माझा वाद आहे तो या अखेरच्या चार शब्दांशी.

प्रथम जे मान्य करावयाचे ते मोकळेपणाने मान्य करतो. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर आणि आपल्या विदर्भातील अमरावती येथे प्रयोगादाखल दोन विद्यालये निघाली. १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्या प्रयोगाला देशव्यापी रूप दिले, आणि आज अशी विद्यालये साडेसहाशेच्या घरात आहेत. जिल्ह्याला साधारणपणे एक विद्यालय, त्यात सहावीला जास्तीत जास्त ऐंशी मुले, निवास व भोजन सरकारकडून, निदान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एकतृतीयांश मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना त्यांचा वाटा. नववीच्या वर्गातील तीस टक्के मुले वर्षभरासाठी हिंदी प्रदेशातून अहिंदी प्रदेशात व तेथून इकडे पाठविण्याची योजनाही यातच आहे. घर सोडून परप्रांतात राहणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे मोल सांगावयास नको. ज्या घरात पुस्तक म्हणून पंचांगापलीकडे काही नव्हते, त्या घरातील मुले या विद्यालयांतून अभियंते, डॉक्टर, सनदी अधिकारी झाली. जो या कार्याला नावे ठेवील तो कृतघ्न म्हटला पाहिजे.

तेव्हा प्रश्न नवोदय चांगले की वाईट हा नाहीच. प्रश्न असा, की ऐंशी मुलांना जे दिले ते पुरावा म्हणून पुढे करून उरलेल्यांना जे दिले नाही त्याचे समर्थन करता येते काय?

निवड कशी होते ते पाहा. पाचवीतील मुलाने दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवावयाचे. गुण शंभर, त्यांपैकी पन्नास आकृत्यांच्या कोड्यांसारख्या मानसिक क्षमतेच्या प्रश्नांना, पंचवीस अंकगणिताला, पंचवीस भाषेला. ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते. दुसऱ्यांदा बसण्याची मुभा नाही. पुढे नववीत वा अकरावीत प्रवेश मिळतो तो रिकाम्या राहिलेल्या जागांपुरताच. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोराला त्या सकाळी ताप आला, किंवा ज्याला आदल्या वर्षी शिक्षकच नव्हता त्याला अपूर्णांक अडले, की राज्याच्या दृष्टीने त्याची प्रज्ञा संपली! आपल्यापैकी कितीजण दहाव्या वर्षी तेजस्वी होते, याचा प्रत्येकाने आपल्याशीच हिशोब करावा. मी नव्हतो. माझ्या खात्यातील ज्यांच्या बुद्धीपुढे मी आजही नमतो, त्यांच्यापैकी दोघे शाळेत मागल्या बाकावर बसत असत.

शिवाय ज्याला आपण प्रज्ञा म्हणून मोजतो तिच्यात सरावाचा भाग किती? तालुक्याच्या गावी नवोदयच्या तयारीचे वर्ग चालतात, मार्गदर्शिका विकल्या जातात, सराव-प्रश्नपत्रिकांचे संच मिळतात. आकृत्यांची कोडी सोडविण्याची हातोटी विकत घेता येते. आणि जी वस्तू विकत घेता येते ती उपजत कशी म्हणावी? ग्रामीण जागांसाठी नियम एवढेच पाहतो, की तिसरी, चौथी व पाचवी मुलाने ग्रामीण शाळेत काढली आहे. घरात काय आहे ते तो पाहत नाही. एका बाजूला ज्याच्या बापाने अर्ज भरला, वर्ग लावला, परीक्षाकेंद्रापर्यंत स्वतः पोहोचविले असा मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोडीच्या हंगामात आईबापांमागे फडावर गेलेली मुलगी. दोघांपुढे एकच प्रश्नपत्रिका ठेवणे ही समता दिसावयास फार सुंदर आहे. परंतु ती मुलगी त्या प्रश्नपत्रिकेपर्यंत आलेलीच नसते.

हे केवळ माझे भावनिक बोलणे नव्हे. अमेरिकेत सरकारी शाळांतून प्रज्ञावान मुलांसाठी स्वतंत्र वर्ग चालविण्याचा प्रघात जुना आहे. न्यू यॉर्क शहरात तर चार वर्षांच्या बालकांची परीक्षा घेऊन त्यांना या वर्गांत घालीत असत. ती परीक्षा २०२१ साली थांबली. पण अधिक बोधप्रद आहे ती फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड या मोठ्या शालेय जिल्ह्याची हकीकत. तेथे कोणत्या मुलाची चाचणी घ्यावयाची हे पूर्वी शिक्षकांच्या वा पालकांच्या शिफारशीवर ठरे. २००५ साली जिल्ह्याने दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेण्यास आरंभ केला. पात्रतेचे निकष होते तेच राहिले. तरीही गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक घरांतील पात्र ठरणाऱ्या मुलांची संख्या एकाएकी वाढली! पुढे आर्थिक मंदीत ही चाचणी आखडती घेऊन अखेर बंद करण्यात आली, आणि प्रमाण पुन्हा जुन्या जागी आले. डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याचा अर्थ उघड आहे. मुले तीच होती, बुद्धीही तीच होती. पाहणारा तेवढा बदलला होता. ज्याला आपण प्रज्ञेचा अभाव समजतो तो पुष्कळदा आपल्याच दृष्टीचा अभाव असतो.

आता 'आपोआप मागे येतील' या आश्वासनाकडे वळू. १९८६च्या धोरणात या विद्यालयांना गती देणाऱ्या शाळा असे म्हटले होते. अपेक्षा अशी, की त्यांच्या अनुभवाचा व साधनांचा लाभ जिल्ह्यातील इतर शाळांना व्हावा. धोरण लिहिणाऱ्यांच्या मनात भिंती नव्हत्या. पण आज आपल्या ओळखीच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील गुरुजींना विचारा, की नवोदयाच्या प्रयोगशाळेत आपली मुले कधी गेली होती काय? तेथील गणिताच्या शिक्षकांनी आपल्या केंद्रावर येऊन एखादा पाठ घेतला काय? मी जेथे जेथे विचारले तेथे तेथे मला उत्तर म्हणून केवळ हसू मिळाले. जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळा हजाराहून अधिक, आणि जागा ऐंशी; म्हणजे दहा शाळांमागे एक मूलही नाही. अलीकडच्या वर्षांत देशभरातून वीस लाखांहून अधिक मुलांचे अर्ज येतात, आणि पन्नास हजारांच्या आसपास घेतली जातात. उरलेली लक्षावधी मुले ज्या शाळेतून आली त्याच शाळेत परत जातात. फरक एवढाच, की आता ती 'न निवडलेली' असतात. आणि ज्या एका मुलामुळे वर्गात प्रश्न विचारले जात, ज्याच्या बापामुळे ग्रामसभेत शाळेच्या गळक्या छपराचा विषय निघे, ते मूल आणि तो बाप या दोघांचेही लक्ष गावच्या शाळेवरून उडालेले असते. गती देणारी शाळा गावची गती घेऊन गेली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हा विचार आपणा मराठी माणसांना अपरिचित नसावा. वरच्या थोड्यांना शिकवा, विद्या खाली आपोआप पाझरेल, हा पाझर सिद्धांत इंग्रजी अमदानीत राजमान्य होता. त्यावर पहिला घणाघात केला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी विचारले होते ते हेच, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो. मग तो वरच्या वर्गांच्या विद्येवर का उधळला जातो? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्यात, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर बसून, मध्यवर्ती कायदेमंडळात त्याच मागणीचे विधेयक मांडले. १९१२ साली ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय करून त्या अडतीस जणांना उत्तर दिले. या तिघांपैकी एकानेही 'आधी ऐंशी हुशार मुले निवडा' असे म्हटले नाही. ते म्हणाले असते तर तुमच्या-माझ्या आजोबांपैकी किती जणांच्या हातात पाटी आली असती?

आणि राज्याचे हे प्रज्ञाप्रेम तरी किती टिकाऊ? १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा दिल्लीत सुरू झाली, पुढल्या वर्षी देशभर पसरली, १९७६ नंतर इतर विषयांपर्यंत वाढली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी जिच्यासाठी रात्री जागविल्या, त्या योजनेची मंजुरी मार्च २०२१ अखेर संपली, आणि पुढील आदेशापर्यंत ती स्थगित ठेवल्याची सूचना तेवढी निघाली. ब्रॉवर्डमध्ये जे मंदीने केले ते येथे एका सूचनेने झाले. थोड्यांसाठी केलेली सोय एका ओळीत बंद करता येते, कारण तिच्यासाठी रस्त्यावर येणारेही थोडेच असतात.

आता एक अप्रिय गोष्ट; आणि ती मी स्वतःला वगळून सांगत नाही. मुलांना प्रवेश देताना त्यांची चाळणी लावू नये, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे तेरावे कलम सांगते. त्याच कायद्यात काही शाळांचा विनिर्दिष्ट प्रवर्ग वेगळा काढलेला आहे. त्यात नवोदय आहे, आणि केंद्रीय विद्यालयही आहे. माझ्या दोन्ही मुलांना केंद्रीय विद्यालयात पहिलीला जागा मिळाली. त्यांची बुद्धी कोणी पाहिली नाही. पाहिले ते एवढेच, की त्यांचा बाप केंद्र सरकारचा बदलीपात्र नोकर आहे आणि गेल्या सात वर्षांत त्याच्या बदल्या किती झाल्या. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटत नाही. ज्या मुलाला दर तीन वर्षांनी गाव आणि भाषा बदलावी लागते त्याला एकसारखी शाळा देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. पण मग विचारावेसे वाटते : आमच्या मुलांना चांगली शाळा गरज म्हणून मिळते, आणि शेतमजुराच्या मुलाला ती बक्षीस म्हणून जिंकावी लागते, हे कसे? आमच्या मुलांची पात्रता आमच्या बदलीच्या आदेशावर असते. त्याची पात्रता ऐंशी प्रश्नांवर. आणि व्यासपीठावर उभे राहून गुणवत्तेचे माहात्म्य सांगावयाचे ते आम्ही!

'मग काय नवोदये बंद करावयाची?' असा प्रश्न येईल. मुळीच नाही. ज्याच्या घरी दिवा नाही त्याच्या हातातील दिवा काढून घेणारी समता मला नको आहे. मागणे एवढेच, की आहे तो दिवा दाराबाहेर आणा. निवडीसाठी एकच सकाळ नको. पाचवीतील प्रत्येक मूल त्याच्याच शाळेत, त्याच्याच भाषेत पाहिले जावे, अर्ज भरला असो वा नसो, आणि पुढे दोन-तीनदा पुन्हा पाहिले जावे. उशिरा उमलणाऱ्यांसाठी आठवी-नववीत रिकाम्या नव्हे, राखलेल्या जागा असाव्यात. विद्यालयाची प्रयोगशाळा व ग्रंथालय आठवड्यातून एक दिवस भोवतालच्या शाळांना खुले असावे, आणि तेथील शिक्षकांच्या कामाच्या तासांत त्या शाळांचे तास मोजले जावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या मुलाला गणित लवकर येते त्याला पुढचे गणित त्याच्याच गावच्या शाळेत मिळावे. हुशार मूल म्हणजे गावाबाहेर काढावयाची वस्तू नव्हे.

यातील एकाही गोष्टीला नवे धोरण लागत नाही. लागतात ती परिपत्रके, अंदाजपत्रकातील एखादे शीर्ष, फायलीवरील एक अनुकूल टिपणी. आणि टिपण्या कोण लिहितो? या मासिकाचे वाचकच लिहितात. दिल्लीत, भोपाळात, हैदराबादेत, जेथे आपण बसलो आहोत तेथील मेजांवरून त्या जातात.

आमच्या मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षी गुणवंतांचा सत्कार जरूर करावा. पण त्याच दिवशी आपल्या वस्तीला लागून असलेल्या सरकारी शाळेतील मुख्याध्यापकांना सन्मानाने बोलावून घ्यावे आणि विचारावे, की आपल्या शाळेत न निवडलेली मुले किती आहेत व त्यांच्यासाठी आम्ही काय करावे? टाळ्या कदाचित कमी पडतील. परंतु 'बाकीचे' म्हणजे नक्की कोण, हे त्या दिवशी आपल्याला प्रथमच कळेल.