निकाह सोपा, लग्न महाग

आमच्या अब्बांचे तालुक्याच्या बाजारपेठेत गाद्यांचे दुकान आहे. दुकान कसले, रस्त्याकडेची दहा फुटांची खोली! कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. लग्नसराई आली की अब्बांना जेवायलाही उसंत नसते, कारण मुलीच्या जहेजात गादी ही लागतेच. मुलीचा बाप गादी सांगायला येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा हिशेबच अधिक दिसतो, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे.

दोन वर्षांपूर्वी तो हिशेब आमच्याच घरी आला. माझ्या आपाचे लग्न ठरले. मुलाकडची मंडळी प्रथम म्हणाली, “आम्हाला काही नको.” मग ‘तुमच्याच मुलीच्या उपयोगी पडेल’ म्हणून कपाट आले, फ्रीज आला, शेवटी मोटारसायकल आली. त्यावर चारशे माणसांचे जेवण. अब्बांनी पतसंस्थेचे कर्ज काढले.

निकाहाच्या वेळी मी आपाजवळ बसले होते. वकील आणि दोन गवाह आत येऊन तिची संमती घेऊन गेले. बाहेर काझीसाहेबांनी खुतबा पढला, नवऱ्याने ‘कबूल’ म्हटले, सह्या झाल्या, दुआ झाली, खजूर वाटले. सारे अर्ध्या तासाच्या आत आटोपले. ज्याने लग्न लागते त्याला काझीसाहेबांची फी आणि खजूर एवढाच खर्च आला. ज्याच्यावाचून काही अडत नव्हते त्याचे हप्ते अब्बा अजून फेडत आहेत.

आणि मेहेर? अकराशे रुपये, तेही नंतर देण्याच्या बोलीवर. जहेजाची यादी तीन बैठका चालली. मेहेरची रक्कम दोन मिनिटांत ठरली. “सादगी ही सुन्नत आहे,” असे एक बुजुर्ग म्हणाले आणि सर्वांनी माना डोलावल्या.

ही सादगी नेमकी कुणाची, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला आहे.

मेहेर हा पतीने पत्नीला द्यायचा असतो. कुराणाच्या चौथ्या अध्यायात, ‘अन्-निसा’मध्ये, तो स्त्रियांना खुशीने द्यावा असा आदेश आहे. हदीसमध्ये एका निर्धन माणसाचा प्रसंग येतो. त्याला निकाह करायचा होता, पण देण्याजोगे काहीच नव्हते. लोखंडाची अंगठी तरी मिळते का पाहा, असे पैगंबरसाहेबांनी त्याला सांगितले. तीही मिळाली नाही, तेव्हा त्याला पाठ असलेल्या कुराणाच्या अध्यायांवर त्याचा निकाह लावून दिला. मेहेर कमी करताना आमच्याकडे हा प्रसंग हमखास सांगितला जातो. पण अंगठी नाही म्हणून त्या माणसाने वधूच्या बापाकडे वाहन मागितले नव्हते!

दुसरा दाखला दिला जातो तो बीबी फातिमांच्या लग्नाचा. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास, मदिनेत त्यांचा निकाह हजरत अलींशी झाला. तेव्हा पैगंबरसाहेबांनी मुलीला एक चादर, पाण्याची मशक आणि गवत भरलेली चामड्याची उशी दिली. मग जहेजही सुन्नतच नाही का, असे विचारतात. परंतु हजरत अलींनी मेहेर म्हणून आपले चिलखत दिले होते, हे सांगायचे राहून जाते. ते विकून आलेल्या पैशांतूनच संसाराचे सामान घेतले गेले, असे अनेक चरित्रकार लिहितात. लढणाऱ्या माणसाचे चिलखत म्हणजे त्याच्याजवळची सर्वांत मोलाची वस्तू. लग्न साधे झाले, पण देणारा वर होता. आपण गवताची उशी विसरलो, कापसाच्या दोन-दोन गाद्या मागू लागलो आणि चिलखत मात्र सोयीस्करपणे गाळून टाकले.

जेवणाचेही तेच. अब्दुर्रहमान बिन औफ हे पुढे मोठे व्यापारी झालेले सहकारी. त्यांनी मदिनेत लग्न केले ते पैगंबरसाहेबांना मागाहून कळले. मला का बोलावले नाही म्हणून ते रुसले नाहीत. त्यांनी आशीर्वाद दिला आणि एका बकरीचा का होईना, वलिमा कर, एवढेच सांगितले. वलिमा हे वराने द्यायचे जेवण. मुलीच्या बापाने चारशे पाने वाढावीत, हे कुठून आले?

आपल्या देशाचा कायदाही हा भेद ओळखतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंड्याच्या व्याख्येतून मेहेर स्पष्टपणे वगळला आहे. आम्ही मात्र कायदा आणि शरियत दोन्ही बाजूला ठेवून रूढीच्या मागे चाललो आहोत. ही रूढी केवळ मुसलमानांचीच आहे असेही नाही. १८७३ साली महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताशिवाय, थोड्या खर्चात लग्ने लावून दाखवली. ते आपण इतिहासाच्या पेपरात लिहितो आणि सुट्टीत घरी जाऊन मांडवाचा खर्च मोजतो.

कोणी म्हणेल, लग्न एकदाच होते, हौस करू नये काय? हौस मलाही आहे. आपाच्या लग्नात फुलांचे स्टेज हवे म्हणून मीच हट्ट धरला होता. “लोक काय म्हणतील?” हे वाक्य अब्बांना मीच ऐकवले होते. त्या फुलांचाही हप्ता आज ते भरतात, हे लिहिताना मला लाज वाटते. आनंदाला इस्लामची मनाई नाही. लग्नात डफ वाजवण्याचीही मुभा आहे. प्रश्न एवढाच, की आनंद कुणाचा आणि कर्ज कुणाचे?

आता माझ्यासाठी स्थळे येऊ लागली आहेत. पुढच्या वर्षाची फी आणि माझ्या लग्नासाठीची पै-पै अब्बा एकाच डब्यात टाकतात. परवा मी धीर करून म्हटले, “अब्बा, माझा निकाह मशिदीत करा. जहेज देऊ नका. आणि मेहेर त्याच दिवशी हातात मिळू दे, मग तो मुलाच्या ऐपतीप्रमाणे कितीही असो.” अब्बा बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, “बेटा, तुझे खरे आहे. पण असे स्थळ येईल का?”

याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते या महाविद्यालयात माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या भावांजवळ आहे. उद्या तुमच्या लग्नाची बैठक बसेल, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या आड मान खाली घालून बसू नका. ‘आम्हाला काही नको’ एवढे म्हणूनही थांबू नका. आपण काय देणार, ते आधी सांगा.